भिंतीआडची खोली

लपवलेल्या वस्तूला एक निराळीच गोडी असते. चकल्यांचा डबा ओट्यावर उघडा ठेवला, तर घरातली मुले येताजाता एखादी उचलतील आणि पुढे जातील. तोच डबा फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर, पापडांच्या डब्यामागे, वर जुने वर्तमानपत्र टाकून ठेवून पाहा. दिवेलागणीच्या आत तो निम्मा झालेला असतो; आणि गंमत म्हणजे ज्या चिरंजीवांना एरवी चकली आवडत नाही, त्यांच्याच सदऱ्यावर तिचा चुरा सापडतो.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी माणसे हीही शेवटी कुणाच्या तरी घरची मुलेच. फरक एवढाच, की ती डबा शोधत नाहीत, लपवतात. हिशेबासाठी, पत्रे लिहिण्यासाठी किंवा खेळण्यासाठी म्हणून जो प्रोग्रॅम आपण घेतो, त्याच्या पोटात कधीकधी ती एखादी अशी करामत ठेवून देतात, की जिचा उल्लेख माहितीपुस्तकात नसतो, खोक्यावर नसतो आणि पुष्कळदा त्यांच्या साहेबालाही तिचा पत्ता नसतो. ठरावीक कळा ठरावीक क्रमाने दाबल्या, की ती अवतरते. या करामतीला ‘ईस्टर एग’ असे म्हणतात. ईस्टरच्या सणाला रंगवलेली अंडी बागेत लपवायची आणि मुलांनी ती हुडकत फिरायचे, अशी पाश्चात्त्य देशांत रीत आहे; त्यावरून हे नाव.

माझी नि या अंड्यांची पहिली भेट १९९९ साली झाली. मी तेव्हा एम. ए.च्या पहिल्या वर्षाला होते, आणि ‘नुसत्या मराठीवर पोट भरत नाही’ असे वडिलांचे ठाम मत असल्यामुळे मला संध्याकाळच्या संगणकाच्या वर्गाला घालण्यात आले होते. तिथे आम्हांला एक्सेल शिकवीत. ज्यांनी एक्सेल पाहिलेले नाही असा वाचक आता सापडणे कठीण. तरी सांगते, की ते म्हणजे रकान्यांचे वाळवंट. डावीकडे पाहावे तर रकाने, उजवीकडे पाहावे तर रकाने. अशा त्या वाळवंटात मी एका काल्पनिक दुकानाच्या काल्पनिक विक्रीची बेरीज करीत बसले असताना शेजारच्या मुलाने सर बाहेर गेल्याची संधी साधली. एक कोरे पान घेतले, एफ-५ ही कळ दाबली, समोर आलेल्या चौकटीत ‘एक्स९७:एल९७’ असे लिहिले, एंटर दाबले, एकदा टॅब दाबले, आणि मग कंट्रोल आणि शिफ्ट या दोन कळा धरून ठेवून आलेख काढण्याच्या चित्रावर टिचकी मारली. रकाने नाहीसे झाले! पडद्यावर डोंगरदऱ्या पसरल्या आणि आम्ही त्यांच्यावरून उडू लागलो. माउस हलवावा तशी दिशा बदले. त्या निर्मनुष्य प्रदेशात एके ठिकाणी एक शिळा उभी होती. तिच्या जवळ गेले, की तिच्यावरून नावे सरकू लागत. ती एक्सेल ९७ बनवणाऱ्या माणसांची नावे होती.

आमच्या आजोबांच्या किराणा दुकानाची लाल चोपडी मी लहानपणी पाहिली होती. तिचे पान उलटता उलटता एखाद्या दिवशी मधूनच घुबड उडून गेले असते, तर आजोबांना जेवढा अचंबा वाटला असता तेवढा मला त्या दिवशी वाटला. पण भीती वाटली नाही. उलट, त्या रकान्यांच्या पलीकडे माणसे राहतात हे प्रथमच कळले आणि एक्सेलविषयी मला थोडी आपुलकी वाटू लागली. ती आजतागायत टिकून आहे.

या प्रकाराला अंड्याचे नाव कसे पडले, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत अटारी नावाची खेळांची कंपनी होती. दूरदर्शनच्या संचाला जोडायच्या खेळाच्या पेटीसाठी ती खेळ काढी. वॉरन रॉबिनेट नावाच्या तरुणाने तिच्यासाठी ‘अॅडव्हेंचर’ नावाचा खेळ लिहिला. त्यात किल्ले होते, किल्ल्या होत्या, तीन ड्रॅगन होते, भूलभुलैये होते, आणि हे सगळे चार किलोबाइट जागेत बसवलेले होते. चार किलोबाइट म्हणजे किती? तर तुम्ही हा जो लेख वाचता आहात तोसुद्धा त्या जागेत मावणार नाही! कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाज त्याचे, प्रोग्रॅम त्याचा. मात्र खोक्यावर नाव फक्त अटारीचे. खेळ बनवणाऱ्यांची नावे बाहेर येऊ द्यायची नाहीत, असा त्या कंपनीचा शिरस्ताच होता. नावे कळली तर दुसऱ्या कंपन्या ती माणसे पळवतील, आणि ही माणसेही मग डोईजड होऊन पगार वाढवून मागतील, असा त्यामागचा हिशेब.

रॉबिनेटने भांडण केले नाही. त्याने आपल्या खेळात एक जादा खोली बांधली आणि ती भिंतीआड ठेवली. भूलभुलैयातल्या एका कोपऱ्यात जमिनीच्याच रंगाचा एक ठिपका होता; डोळ्यांना दिसू नये असा. तो उचलून एका विशिष्ट भिंतीपाशी नेला, की भिंतीतून पलीकडे जाता येई. पलीकडे खजिना नव्हता, राजकन्या नव्हती. नुसती अक्षरे होती: ‘वॉरन रॉबिनेट याने बनवले’, अशा अर्थाची. हे त्याने कुणालाही सांगितले नाही आणि तो अटारी सोडून गेला. खेळ बाजारात आला, आणि १९८० साली सॉल्ट लेक सिटीतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने कंपनीला पत्र लिहिले, की मला तुमच्या खेळात एक गुप्त खोली सापडली आहे. कंपनीत धावपळ उडाली. खोली काढून टाकायची, तर ज्या चिपमध्ये खेळ कोरला जातो तिचा साचाच नव्याने करावा लागणार. म्हणजे खर्च आला. तेव्हा स्टीव्ह राइट नावाच्या अधिकाऱ्याने तोड सुचवली, की असू दे, ही ईस्टरच्या अंड्यांसारखी गंमत आहे, यापुढे आपण होऊनच ती ठेवीत जाऊ. चोराने भोक पाडले, त्याला घरमालकाने खिडकी बसवली म्हणायची!

हे अंडे सर्वांत पहिले होते असे पूर्वी म्हणत. पुढे त्याच्याही आधीची काही हाती लागली. १९७७ सालच्या ‘स्टारशिप १’ या खेळातले अंडे तर चाळीस वर्षे उबवणीविना पडून राहिले आणि २०१७ साली सापडले. पण गुप्त खोलीची ती हकीकत ऐकल्यापासून मला अंड्यापेक्षा नावाचेच महत्त्व अधिक वाटत आले आहे. त्याच अटारीतले चार उत्तम खेळकर्ते याच नावाच्या दुखण्यापायी बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी अॅक्टिव्हिजन ही नवी कंपनी उभी केली. तिने खेळ करणाऱ्याचे नाव उजळ माथ्याने छापायला सुरुवात केली. बाहेर नाव असल्यावर आत खोली बांधण्याची निकड कुणाला राहणार?

मराठी शिकवणाऱ्या बाईला या ठिकाणी संतांची आठवण व्हावी, यात नवल नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात नामदेव, तुकाराम, जनाबाई आपले नाव गुंफतात. त्याला आम्ही नाममुद्रा म्हणतो. ज्या संतांनी अहंकार सोडा म्हणून जन्मभर सांगितले, त्यांनाही अभंग निनावी सोडावासा वाटला नाही, यावरून दरवर्षी एखादा चलाख विद्यार्थी मला कोंडीत पकडू पाहतो. मी त्याला सांगते, की बाबा, ती मिरवणूक नव्हे, जबाबदारी आहे. हे मी बोलले, याचा जाब मला विचारा, एवढाच त्याचा अर्थ. कारागिराला नाव हवे असते ते दर वेळी टाळ्यांसाठीच असते असे नाही. अॅपल कंपनीने १९८४ साली आपला मॅकिंटॉश संगणक विकायला काढला, तेव्हा तो बनवणाऱ्या मंडळींच्या सह्या त्याच्या प्लॅस्टिकच्या कवचाच्या आतल्या अंगाला उठवलेल्या होत्या. दुरुस्ती करणाऱ्याखेरीज त्या कुणाला दिसणार? पण त्या होत्या, आणि कंपनीच्या संमतीने होत्या.

ही सगळी मौज चालली असताना एके दिवशी मोठ्या माणसांनी दिवा लावला. २००१ साली कोड रेड आणि निमडा या नावांच्या संगणकी किड्यांनी जगभर धुमाकूळ घातला आणि मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमांवर विसंबावे की नाही, असे लोक उघड विचारू लागले. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी आपल्या सर्व नोकरांना एक पत्रक धाडले. नवी सोय की सुरक्षितता असा पेच पडला, तर सुरक्षितता निवडा, असा त्याचा रोख होता. या नव्या शिस्तीत अंड्यांना थारा उरला नाही. विमाने जमिनीवर उतरली. मला ही बातमी बऱ्याच उशिरा कळली आणि ऐकून वाईट वाटले. म्हटले, झाले! आता शिळाही गेली आणि नावेही गेली, राहिले रकाने.

माझा भाचा पुण्यात एका कंपनीत प्रोग्रॅम तपासण्याची नोकरी करतो. त्याच्यापाशी मी ही हळहळ बोलून दाखवली, तर तो माझ्याकडे, मोठ्या माणसांनी लहान मुलांकडे पाहावे तसा पाहू लागला.

“मावशी, माझं काम काय असतं माहीत आहे? मला एक यादी देतात. प्रोग्रॅमनं काय काय करायला पाहिजे, त्याची. त्या यादीप्रमाणे मी एकेक खोली झाडून बघतो. जी खोली यादीतच नाही, ती मी झाडणार कशी? आणि झाडली नाही, तर तिथं विंचू आहे की नाही हे मला कळणार कसं?”

“अरे, पण एवढ्याशा विमानानं कुणाचं काय बिघडलं?”

“बिघडलं नाही हे तुला कुणी सांगितलं?”

मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला. त्याचे म्हणणे मला पटले नव्हते असे नाही. पण एवढ्या तेवढ्या गोष्टीत विंचू शोधणाऱ्या माणसांशी वाद घालू नये, असे माझे धोरण आहे. पुढे आमच्याच कॉलेजात मोर निघाला, तेव्हा मात्र मला त्याच्या खोलीची आणि विंचवाची फार आठवण झाली.

आमच्याकडे अंतर्गत परीक्षेचे गुण नोंदवण्यासाठी एक प्रोग्रॅम करवून घेतला आहे. तो कुणाकडून, ते सांगण्याची गरज नाही. गावोगाव अशा लहान कंपन्या आहेत. गेल्या हिवाळ्यात गुण भरण्याची घाई चालली असताना आमच्या कार्यालयातल्या कारकून बाईंना मोरे आडनावाच्या एका विद्यार्थ्याचे पान हवे होते. रोमन लिपीत पहिली तीन अक्षरे लिहून त्यांनी कंटाळून तिथेच एंटर दाबले. पडद्याच्या डाव्या कडेतून एक मोर चालत आला. मधोमध थांबला, पिसारा फुलवला, एक गिरकी घेतली. पिसाऱ्याखाली बारीक अक्षरांत चार नावे उमटली. मग मोर उजव्या कडेने निघून गेला आणि गुणांचे पान होते तसे परत आले.

त्या दिवशी आमच्या कॉलेजात दुसरे काही काम झाले नाही. शिपाई पाहून गेले, ग्रंथपाल पाहून गेले, प्राचार्यांनी दोनदा पाहिला. मीही पाहिला आणि मनापासून हसले. ज्याने हे रचले त्याने ‘मोर’ हा परवलीचा शब्द निवडताना महाराष्ट्रात मोरे किती आहेत याचा विचार केला नव्हता, ही त्यातली खरी गंमत. दोन दिवसांत मोर मुलांच्या मोबाइलवर जाऊन पोहोचला, आणि तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ परीक्षा समितीला भेटायला आले. मी त्या समितीवर आहे.

त्यांचा मुलगा चार गुणांनी नापास झाला होता. नापास मुलांचे वडील कसे येतात याचा आम्हांला अनुभव असतो. काही रागावून येतात, काही हात जोडून. हे दोन्ही करीत नव्हते. ते एका सहकारी बँकेत रोखपाल होते आणि रोखपालाच्याच आवाजात बोलत होते.

“मॅडम, तुमच्या मशीनमध्ये मोर आहे असं मी ऐकलं. तो कुणी ठेवला हे तुम्हांला माहीत होतं का?”

“नव्हतं.”

“मग माझ्या मुलाचे चार गुण त्यात कुठं राहिले नसतील, हे तुम्ही कशावरून सांगता?”

आमच्यातल्या एका प्राध्यापकांनी त्यांना समजावले, की मोर ही नुसती गंमत आहे, त्याने गुण खाल्लेले नाहीत, तो आपला वरून येतो नि जातो. त्यावर ते गृहस्थ म्हणाले, “साहेब, संध्याकाळी आमची रोकड मोजतात. दहा रुपये कमी निघाले, तर मी खिशातून भरतो. पण दहा रुपये जास्त निघाले तरी मला घरी जाता येत नाही. जास्त निघणं हीसुद्धा चूकच धरतात. कुठून आले ते सापडेपर्यंत बसावं लागतं. तुमच्याकडे हा मोर जास्त निघालाय.”

यावर कुणापाशी उत्तर नव्हते. आम्ही साडेआठशे विद्यार्थ्यांचे गुण कागदी याद्यांवरून हातांनी पडताळून पाहिले. तीन दिवस लागले. सगळे गुण जुळले. मोराने एकाही आकड्याला चोच लावलेली नव्हती. त्या मुलाला पडलेले गुणही बरोबर होते. गृहस्थांना बोलावून याद्या दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून आपल्या मुलाची ओळ पाहिली, वरखालच्या दोनचार ओळीही पाहिल्या, सही केली आणि उठताना म्हणाले, “जुळलं, बरं झालं. पण मॅडम, जुळवावं लागलं.”

तेव्हापासून मी या गोष्टीचा निरनिराळ्या बाजूंनी विचार करीत आले आहे. मोर निरुपद्रवी होता, हे खरे. पण दोष मोराच्या पिसाऱ्यात नव्हताच. ज्या कुंपणातून मोर आत आला त्यातून आणखी काय येऊ शकते, हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कॉलेजात कुणापाशी नव्हते. त्यातून काय येऊ शकते हे जगाने २०१५ साली पाहिले. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या डिझेल मोटारींत एक छुपी तरतूद असल्याचे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने त्या सप्टेंबरात जाहीर केले. मोटार तपासणीच्या यंत्रावर चढवलेली आहे की रस्त्यावर धावते आहे, हे तिच्यातला प्रोग्रॅम चक्र किती फिरते, वेग कसा आहे यांवरून ओळखी. तपासणीत ती शहाण्यासारखी वागे आणि रस्त्यावर आली, की मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत विषारी नायट्रोजन ऑक्साइड सोडी. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख मोटारी होत्या. तिथे मोर नव्हता, नावेही नव्हती. पण यादीत नसलेली खोली होती, आणि झाडणारा दारावर आला, की ती आपण होऊन भिंत बनत होती.

याउलट सगळे उघड असूनही घोटाळा होऊ शकतो. २०१६ सालच्या पहिल्या एप्रिलला गूगलने आपल्या जीमेलमध्ये एक गमतीचे बटण बसवले. ते दाबले, की पत्राबरोबर ध्वनिक्षेपक खाली टाकून देणाऱ्या एका पिवळ्या बाहुल्याचे चलच्चित्र जाई, आणि त्या पत्राला आलेली उत्तरे पाठवणाऱ्याला दिसेनाशी होत. म्हणजे ‘माझे बोलून झाले, आता तुमचे ऐकायचे नाही’, असा थाट. बटण कुठे बसवले? तर पत्र पाठवण्याच्या नेहमीच्या बटणाला अगदी खेटून! लोकांनी आपली कामाची, गंभीर पत्रे सवयीने त्या बटणावरून धाडली. तक्रारींचा पाऊस पडला आणि त्याच दिवशी गूगलला बटण काढून घेऊन माफी मागावी लागली. विनोद वाईट नव्हता. माणूस ज्या वेळी आपले काहीतरी विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवत असतो, नेमक्या त्या वेळी त्याला गुदगुल्या केल्या होत्या. हेच गूगल आपल्या क्रोममध्ये २०१४ सालापासून एक धावणारा डायनोसॉर ठेवून आहे. इंटरनेट बंद पडले, की तो प्रकटतो आणि निवडुंगांवरून उड्या मारतो. त्याने कुणाचे काही अडत नाही. अडलेल्याच वेळी तो भेटतो. तो मला आवडतो. आमच्या घरी तर इंटरनेट सुरू झाल्याबद्दल हळहळणारी मंडळी आहेत.

मोर बनवणाऱ्या चौघांतला एक माझाच जुना विद्यार्थी निघाला. पिसाऱ्याखालच्या नावांत मी त्याचे नाव पहिल्याच दिवशी वाचले होते. कंपनीने त्याला या कामावरून काढून दुसरीकडे टाकले होते. तो मला भेटायला घरी आला, तोही अपराध्यासारखा नव्हे, जरा फुरंगटून.

“मॅडम, आम्ही चौघांनी सात महिने काम केलं. उद्‌घाटन झालं तेव्हा आम्हांला बोलावलंसुद्धा नाही. पहिल्या पानावर मालकांचं नाव, पाटीवर प्राचार्यांचं, पाहुण्यांचं. आमचं कुठंच नाही. म्हणून एक मोर ठेवला. चित्र माझ्या बहिणीनं काढलं होतं.”

अटारी, रॉबिनेट, जमिनीच्या रंगाचा ठिपका, सारे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्याला रागवायचे मी ठरवले होते, ते जमेना. त्याची पाठ थोपटणेही शक्य नव्हते. साडेआठशे विद्यार्थ्यांच्या याद्या मी स्वतः तपासल्या होत्या, आणि त्या रोखपालांचा चेहरा माझ्यासमोर होता. तेव्हा मी त्याला एकनाथांची गोष्ट सांगितली. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर तिच्या नकला होत गेल्या, आणि त्या तीनशे वर्षांत तिच्यात पाठांचा गोंधळ शिरला. ओव्या बदलल्या, बाहेरच्या हातांनी भर पडली. नाथांनी ती शुद्ध केली. आणि शेवटी बजावून ठेवले, की यापुढे जो कुणी या ग्रंथात आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवली असे समजा.

“म्हणजे माझा मोर करवंटी,” तो म्हणाला.

“ऐक पुढं. हे बजावण्यासाठी नाथांनाही स्वतःच्या ओव्या लिहाव्याच लागल्या ना? त्या त्यांनी कशा लिहिल्या? ग्रंथाच्या अगदी शेवटी, वेगळ्या. त्यांत शके १५०६ असं वर्ष दिलं, संवत्सर दिला, स्वतःचं नाव गुरूच्या नावासकट दिलं, आणि आपण काय केलं तेही सांगितलं. मधल्या एखाद्या अध्यायात हळूच नाही घातल्या. ही गोष्ट तुला वर्गात सांगितली होती मी.”

“ते परीक्षेला नव्हतं, मॅडम,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

मग आम्ही दोघांनी मिळून हिशेब केला. शके १५०६ म्हणजे इसवी सन १५८४. आपण काय बदलले याची नाव-तारखेसह नोंद ठेवण्याची पद्धत त्यांच्या धंद्यातही आहे, पण ती आत, बनवणाऱ्यांपुरती असते, असे त्याने सांगितले. ती नोंद बाहेर, वापरणाऱ्याला दिसेल अशी असती, तर मोराची गरज पडली नसती का, असे मी विचारले. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मोर तरीपण ठेवला असता, मॅडम. पण तुम्हांला सांगून ठेवला असता.”

मला हे उत्तर आवडले, आणि परीक्षा समितीपुढे मी ते माझे म्हणून मांडले. माझ्या ठरावात दोन कलमे होती. एक, प्रोग्रॅम जे जे करतो ते सगळे, अगदी मोरासकट, कंपनीने लेखी द्यावे. लेखी न दिलेले काही सापडले, तर पैसे थांबवावेत. दोन, तो बनवणाऱ्यांची नावे पहिल्या पानावर घालावीत. पहिले कलम एकमताने मंजूर झाले. दुसऱ्यावर हसले लोक. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी विचारले, की उद्या रंगारी भिंतीवर नाव घालू म्हणाला तर? मी म्हटले, गुण भिंतीवर भरत नाहीत. कंपनीला पत्र गेले. मोर काढल्याचे तिने तत्परतेने कळवले. नावांबाबत उत्तर आले, की गिऱ्हाइकाच्या कामावर नोकरांची नावे घालण्याचा आमच्यात प्रघात नाही.

ते उत्तर वाचून मी ठराव मागे घेतलेला नाही. समितीची पुढची सभा दिवाळीच्या सुटीनंतर आहे. नावांचा विषय सहावा आहे. पाचवा पाण्याच्या टाकीचा आहे, आणि तो गेल्या तीन सभांत आटोपलेला नाही.